राखणीच्या कुत्र्याचा खुराक

ऊसविकास खात्याचा माणूस कुत्र्यावर का लिहितो, असे सभासद बंधू विचारतील. पण वस्तीची राखण ज्याच्या भरवशावर चालते, त्याच्या पोटाचा प्रश्न आम्हाला शेतीबाहेरचा वाटत नाही. अलीकडे गटातून फिरताना जातिवंत कुत्री आणि त्यांच्यापुढे शहरातून आणलेले पिशवीतले खाद्य दिसते. त्यातही ‘धान्यविरहित’ लिहिलेले भारी समजतात. भाकरी म्हणे गावठी कुत्र्याला! आमच्या मते हा समज तपासून घ्यावा.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये अशाच खाद्याची चौकशी जाहीर केली. हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगते आणि रक्त ढकलण्याची ताकद जाते, असा एक रोग आहे. ज्या जातींत तो सहसा होत नाही, त्यांतही तो दिसू लागला होता. जानेवारी २०१४ ते एप्रिल २०१९ या काळातल्या कुत्र्यांच्या ५१५ नोंदी जमा झाल्या. त्यांत आलेल्या खाद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक धान्यविरहित होती आणि ९३ टक्क्यांत वाटाणा, मसूर यांपैकी काहीतरी होते. खाद्य बदलून आणि औषधोपचार करून काही कुत्री सुधारलीही. मात्र खाद्यामुळेच रोग झाला, हे अजून सिद्ध झालेले नाही. तेव्हा घाबरू नये, पण महाग ते चांगले हा हिशेबही धरू नये.

भाकरी कुत्र्याची वैरी नव्हे. पिष्ट पचवण्याची ताकद कुत्र्यात लांडग्यापेक्षा जास्त असते, हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवले. पण नुसती भाकरीही पुरत नाही. नुसत्या युरियावर ऊस हिरवागार दिसतो, पुढे लोळतो आणि उतारा घटतो, तसाच हा प्रकार. हृदयाच्या स्नायूला टॉरिन नावाचे द्रव्य लागते. ते मांस-मासळीत असते, धान्यात नसते. कुत्रा ते स्वतःच्या अंगात तयार करतो, पण त्यासाठी चांगली प्रथिने पोटात जावी लागतात. मांजराला ते पुरेसे तयार करता येत नाही. टॉरिन कमी पडून मांजराचे हृदय फुगते आणि ते दिल्यावर सुधारते, हे कॅलिफोर्नियात १९८७ सालीच दिसून आले.

म्हणून भाकरीबरोबर उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे मटण किंवा मासळी द्यावी. सुकट खारट असते, ती धुऊन द्यावी. माळकरी घरात हे चालत नसेल, तर दूध-दह्याचे प्रमाण जनावरांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. लोणचे, फरसाण आणि कांद्याचा रस्सा कुत्र्याच्या थाळीत टाकू नये. कांद्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. फार चरबीही चढू देऊ नये, तिचा भार हृदयावरच पडतो.

कुत्रा थोडे पळून धापा टाकू लागला, रात्री खोकू लागला, घेरी येऊन पडला किंवा त्याचे पोट फुगले, तर ‘म्हातारा झाला’ म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात न्या आणि काय खायला घालता तेही सांगा.

माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, असे आम्ही बांधाबांधावर सांगत असतो. कुत्र्याच्या खुराकालाही तोच नियम लावा. पिशवीवरची जाहिरात वाचून नव्हे, आत काय आहे ते पाहून घ्या. मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. ते ओळखणे धन्याचेच काम आहे.