फराक्क्याच्या दारात अडकलेला जलमार्ग

मार्चच्या मध्यास एका रिकाम्या मालवाहू नौकेवरून मी फराक्क्याच्या फीडर कालव्यातून उत्तरेकडे निघालो होतो. जंगीपूरजवळ भागीरथीला मिळणारा हा कालवा 38 किलोमीटरांहून थोडा अधिक लांब आहे आणि त्याचे पात्र एखाद्या मोठ्या नदीसारखे रुंद आहे. त्याच्या माथ्याशी लॉक आहे. नौका आत शिरली, मागची पोलादी दारे मिटली आणि गंगेच्या बाजूचे पाणी आत येऊ लागले. येथे पाणी चढवायला पंप लागत नाही. वरचे पाणी आपल्याच भाराने खाली येते आणि शेकडो टनांची नौका सावकाश वर उचलते. भिंतीवरच्या खुंटांना बांधलेले दोर सैल पडत गेले, खलाशी ते आवळत राहिले. दोन्हीकडची पातळी एक झाली, पुढची दारे उघडली आणि समोर गंगा आली.

लॉकची ही कल्पना जुनी आणि निर्दोष आहे. अडचण आहे ती दारापाशी पोहोचणाऱ्या पाण्याची.

1975 मध्ये फराक्का बराज सुरू झाले तेव्हा गाळाने भरत चाललेले कोलकाता बंदर वाचवणे हा त्याचा हेतू होता. गंगेचे 40,000 क्युसेक पाणी वळवायचे आणि हुगळीतला गाळ समुद्राकडे लोटायचा, असे ते गणित होते. उन्हाळ्यात एवढे पाणी मिळणारच नाही आणि बराजमागे साचणारा गाळ माल्दा, मुर्शिदाबाद व बिहारला भोवेल, असे पश्चिम बंगालचे अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी काम सुरू होण्याआधीच बजावले होते. त्याबद्दल त्यांना पाकिस्तानचा हस्तक ठरवण्यात आले. आज माल्द्यात कोसळणारे किनारे पाहताना आणि बराजच हटवा ही बिहारची मागणी ऐकताना त्यांची आठवण येते.

1986 मध्ये अलाहाबाद ते हल्दिया हा 1,620 किलोमीटरांचा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 1 म्हणून घोषित झाला आणि बंदरासाठी खोदलेल्या कालव्यावर मालवाहतुकीचीही जबाबदारी आली. 2016 च्या कायद्याने देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या 111 वर नेली. जागतिक बँकेच्या कर्जातून जलमार्ग विकास प्रकल्प उभा राहिला, वाराणसी व साहिबगंज येथे टर्मिनले झाली, फराक्क्याला जुन्या लॉकशेजारी नवे लॉक बांधण्यात आले. दीड ते दोन हजार टनांच्या नौका चालाव्यात म्हणून 2.2 ते 3 मीटर खोलीचे उद्दिष्ट ठरले. एवढा खर्च झाला, तरी ही खोली वर्षभर कोणाच्या भरवशावर राखायची हा प्रश्न बाजूलाच राहिला.

याचे उत्तर 1996 च्या भारत-बांगलादेश गंगा करारात दडले आहे. 1 जानेवारी ते 31 मे या काळात फराक्क्याचे पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने वाटले जाते. प्रवाह 70,000 क्युसेकपर्यंत असेल तर निम्मे-निम्मे. 75,000 च्या वर गेला तर भारताला 40,000 आणि उरलेले बांगलादेशाला. 11 मार्च ते 10 मे या काळात तर दोन्ही देशांना आलटून पालटून दहा दिवस 35,000 क्युसेकची हमी आहे. शेजाऱ्याच्या हक्काविषयी माझी तक्रार नाही. खालच्या देशाला तो मिळालाच पाहिजे. पण ज्या कालव्यातले पाणी दर दहा दिवसांनी बदलू शकते, त्यावर वर्षभराचा मालवाहतुकीचा करार कोणता उद्योजक करील?

कराराची 30 वर्षांची मुदत डिसेंबर 2026 मध्ये संपते. फराक्का बराज जलशक्ती मंत्रालयाकडे, जलमार्ग नौवहन मंत्रालयाकडे, करार परराष्ट्र मंत्रालयाकडे आणि किनारा खचला की घर जाते ते राज्याच्या नागरिकाचे. नव्या वाटाघाटीत केवळ क्युसेक मोजून चालणार नाही. कोणत्या दशदिनांत किमान किती खोली राहील आणि गाळ कोण, कोठे, कसा वाहून जाऊ देणार, हेही त्याच मेजावर ठरावे. त्याआधी नवी टर्मिनले बांधण्याचा उत्साह आवरता घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वाटाघाटीत इलिशसाठीही कोणी बोलावे: बराज होण्यापूर्वी हा मासा अलाहाबादपर्यंत चढून जात असे.

लॉकबाहेर पडल्यावर नौकेचा सारंग, म्हणजे आपला तांडेल, नाळेवर आला आणि लांब बांबू पाण्यात टोचू लागला. खोलीची माहिती त्याच्या मोबाइलवर होती. विश्वास बांबूवर होता. साहिबगंजला दगडाची खडी भरायची होती. किती भरणार, असे मी विचारले.

‘‘परतताना कालव्यात पाणी किती असेल, बाबू, ते तुम्ही सांगा,’’ तो म्हणाला, ‘‘मग मी खडी सांगतो.’’