‘आमच्या वेळी’चा दरारा पुरे

नव्वदच्या दशकात लहानपण गेलेली पिढी ही शेवटची भाग्यवान पिढी, असा सिद्धान्त एका विद्वान गृहस्थांनी नुकताच व्याख्यानात मांडला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आमचा मोगली, आमचा वेताळ, आमचा शक्तिमान, आमचा चांदोबा हे सगळं आपल्या मातीतलं होतं, संस्कार करणारं होतं आणि आम्ही ते चार घरांतली मुलं मिळून अनुभवत होतो. आताची मुलं परकी, भडक कार्टूनं एकेकटी बघतात. सबब ती बिघडली. टाळ्या वाजवणारे बहुतेक चाळिशीचे होते. मीही त्याच पिढीतली, म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी ‘आपल्या मातीतलं’ हा मुद्दा घेते, कारण त्यांचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. ज्या मोगलीसाठी रविवारी सकाळी घाईघाईने आंघोळी उरकल्या जायच्या, ती मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी कंपनीने १९८९ मध्ये केली. दूरदर्शनवर ती १९९३ मध्ये आली. मूळ गोष्ट रुडयार्ड किपलिंगची. तो १८६५ मध्ये मुंबईत जन्मला हे खरं, पण इंग्रजी साम्राज्याचा तो कट्टर समर्थक होता. गोष्टीतलं जंगल सिवनीचं, आपल्या नागपूरकडच्या पेंचला लागून असलेलं. गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आणि शेरखानचा आवाज मुरुड-जंजिऱ्यात जन्मलेल्या नाना पाटेकरांचा. इंग्रज लेखक, जपानी चित्रकार, हिंदी गीत आणि कोकणातला नट, इतक्यांनी मिळून आपलं लहानपण सजवलं. मला त्याचा अभिमानच वाटतो. पण मग डोरेमॉन कार्टूनमधला नोबिता जपानी म्हणून नाक मुरडायचा हक्क कुणाला उरतो? डोरेमॉनमुळे मुलं हिंदी बोलायला लागली, ही दुसरी तक्रार. मोगली काय मराठीत बोलत होता? आणि आजचा छोटा भीम, २००८ मध्ये आलेला, तो तर हैदराबादेत तयार झाला. मातीचाच निकष लावायचा तर आजची पोरं आपल्यापेक्षा जास्त देशी ठरतील.

वेताळाचंही तेच. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झालं आणि मराठी घरांत पुढे कितीतरी वर्षं वाचलं गेलं. हा वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम. मूळ चित्रकथेतला ‘बेंगाला’ देश इथे ‘डेंकाली’ झाला, ‘सिंग’ नावाचे चाचे ‘सिंगा’ झाले. नावं बदलली, पण चित्र तेच राहिलं: कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसलेला गोरा पुरुष, भोवती ठेंगणे काळे आदिवासी, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं रक्षण करण्याचा मक्ता त्या एकट्या गोऱ्या घराण्याकडे. आपण ते मिटक्या मारत वाचलं आणि आजही कौतुकाने सांगतो. त्याच मालिकेत १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. डाकूंशी लढणारा, कुर्ता घालणारा, अस्सल इथला. मातीचा एवढा जयघोष करणाऱ्या वक्त्यांच्या तोंडी त्याचं नाव एकदाही आलं नाही! त्यांना माती नको आहे, त्यांना फक्त आपलं वय परत हवं आहे.

आणि त्या कॉमिक्सवर तेव्हा काय आगपाखड व्हायची! चित्रांच्या पुस्तकांनी वाचन मरतं, हे वाक्य मी शाळेत ऐकलं. मग तेच टीव्हीबद्दल ऐकलं, मग व्हिडिओ गेमबद्दल, आता मोबाइलबद्दल ऐकते. आरोपपत्र तेच, आरोपी तेवढा बदलतो. ज्यांची कॉमिक्स जप्त झाली, तेच आज फिर्यादी होऊन उभे आहेत, याची मला खरंच चीड येते.

राहिले संस्कार. शक्तिमान १९९७ मध्ये सुरू झाला आणि तो वाचवायला येईल म्हणून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापून आल्या. ते संस्कार आणि डोरेमॉन तेवढा कुसंस्कार? एक भाग नीट बघा. नोबिता अभ्यास टाळायला डोरेमॉनकडून काहीतरी यंत्र उपटतो, हाव सुटते आणि शेवटी तोच तोंडघशी पडतो. इसापनीती याहून वेगळं काय सांगते? भडकपणाचं म्हणाल तर चांदोबातलं शंकर यांनी काढलेलं विक्रम-वेताळाचं चित्र आठवा. स्मशान, हातात उपसलेली तलवार आणि राजाच्या खांद्यावरून लोंबणारं प्रेत. आज असं चित्र मुलांच्या अंकात छापलं, तर हेच गृहस्थ तक्रारीचं पत्र लिहितील. आम्ही ते पान घाबरत उघडायचो आणि पुन्हा पुन्हा उघडायचो. मुलांना भीतीही हवी असते, हे त्या चित्रकाराला कळलं होतं.

‘मिळून बघत होतो’ हे तर अर्धसत्य. ज्यांच्या घरी टीव्ही होता, ते असं म्हणू शकतात. आम्ही ज्यांच्याकडे बघायला जायचो, त्या घरात काही मुलं सतरंजीवर बसायची आणि काहींना दारातूनच बघावं लागायचं. दारातली मुलं कुठल्या वस्तीतली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आठवणीत तो रविवार कसा असेल, हे या सोनेरी युगाच्या भाटांनी कधी विचारलंय?

मग आठवणी काढायच्याच नाहीत का? जरूर काढाव्यात. ज्याने आपल्याला गोष्टीची गोडी लावली, त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटणं माणूसपणाचं लक्षण आहे. पण ती कृतज्ञता पुढच्या मुलांपर्यंत पोचली पाहिजे. १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेलं मासिक मराठीत चांदोबा होऊन आपल्या घरी आलं आणि पुढे बंद पडलं. तेव्हा हळहळणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी तो अंक येत होता? बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक फुकट वाचायला खुले आहेत, नवा अंक वर्गणी भरून घरी येतो. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आजही दुकानात मिळतो. हे मुलांच्या हाती द्या, पण ‘आमच्या वेळचं’ म्हणून त्यांच्या डोक्यावर मारू नका. आणि त्यांचं जे काही चालू असेल, ते शेजारी बसून बघा, विचारा, वाद घाला. मराठी बोलणारं नवं कार्टून हवं असेल, तर ते काढणाऱ्याचे पैसे भरायची तयारी ठेवा.

मुलांनी लहानपणी काय पाहावं, यावर बोलण्याचा अधिकार वयाने मिळत नाही. तो आजच्या मुलांसाठी काही करणाऱ्यालाच मिळतो. त्या टाळ्या वाजवणाऱ्या चाळिशीतल्या सगळ्यांनी एका मुलाच्या नावाने एक वर्गणी भरावी. तेवढं केलं, की मी त्यांच्या मोगलीच्या गप्पा हव्या तितक्या वेळ ऐकायला तयार आहे.