वावर नको, गावातलं घर घ्या

परतवाडा सोडून चिखलदऱ्याच्या रस्त्याला लागलं आणि धामणगाव गढी मागे पडली, की समोर गाविलगडाचे डोंगर येतात. श्रावणात अमरावती-नागपूरच्या गाड्या याच वाटेने वर जातात आणि उतरताना गाडीत हमखास एक विषय निघतो. इथे दोन एकर वावर घेऊन टाकायचं, मधोमध छोटंसं घर बांधायचं, भोवती संत्रा लावायचा. बोलणाऱ्यांत निवृत्तीला आलेले प्राध्यापक असतात, बँकेतले अधिकारी असतात, पुण्यात संसार थाटलेली अचलपूरची मुलं असतात. शहरात आयुष्य गेलेल्या माणसाला मातीजवळ यावंसं वाटलं तर त्यात गैर काही नाही. वऱ्हाडातली गावं ज्या वेगाने रिकामी होत आहेत ते पाहता, परत येणाऱ्याचं स्वागतच व्हायला हवं. पण त्याने गावात यावं. शिवारात एकटं घर बांधून राहण्याचा नाद सोडावा.

या नादापायी दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाचे काय हाल झाले, ते पाहण्यासारखं आहे. ऑलिव्ह आणि बदामाच्या बागा, उघडे डोंगर, चुन्याने रंगवलेली पांढरी गावं असा तो मुलूख. पहिल्या महायुद्धात लढून आलेला जेराल्ड ब्रेनन हा इंग्रज तरुण १९२० मध्ये तिथल्या आल्पुहारा डोंगरातल्या येगेन गावी राहायला आला. त्याने गावातलंच एक जुनं घर भाड्याने घेतलं. शेजाऱ्यांची लग्नं, सण, भांडणं आणि शेती त्याने जवळून पाहिली आणि १९५७ मध्ये त्यावर ‘साउथ फ्रॉम ग्रानाडा’ हे पुस्तक लिहिलं. पुढे काही दशकांनी उत्तर युरोपातून निवृत्त लोक मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा त्यांतल्या अनेकांना गावातलं घर पुरेना. त्यांना बागेत एकटा बंगला हवा होता, पोहायचा हौद हवा होता. शेतजमिनीवर घर बांधायला तिथेही मोकळीक नाही. तरी नगरपालिकांनी परवाने दिले, दलालांनी ते दाखवून बंगले विकले आणि प्रांतिक सरकार पुढे त्याच परवान्यांविरुद्ध न्यायालयात गेलं.

जानेवारी २००८ मध्ये आल्मेरिया जिल्ह्यातल्या वेरा इथे एका वयस्क ब्रिटिश जोडप्याचं राहतं घर पाडलं गेलं. नगरपालिकेचा परवाना त्यांनी घेतला होता, पण तो मागाहून रद्द झाला होता. अंदालुसियातल्या अशा अनियमित घरांचा आकडा तीन लाखांच्या आसपास सांगितला जातो. युरोपीय संसदेला २००९ मध्ये स्पेनमधल्या या बेबंद बांधकामांवर ठराव करावा लागला. अंदालुसियाने २०१२ आणि २०१९ मध्ये नियम करून यांतल्या बऱ्याच घरांना एक अर्धवट मान्यता देऊ केली. वीज-पाणी मिळवण्याची सोय झाली, पण घर पूर्णपणे कायदेशीर काही झालं नाही.

वऱ्हाडातला कायदा याहून कडक आहे आणि बहुतेकांना तो इसार देऊन झाल्यावर कळतो. विदर्भासाठी कूळवहिवाट व शेतजमिनीचा १९५८ चा वेगळा अधिनियम आहे. शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयाला शेती किंवा फार्महाऊस विकत घ्यायला परकीय चलनाच्या कायद्याखाली मनाई आहे. वडिलोपार्जित वाटा मात्र वारशाने येऊ शकतो. तुकडेबंदी १९४७ पासूनची. २०२३ च्या अधिसूचनेने अमरावतीसह बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचा किमान तुकडा २० गुंठे आणि बागायतीचा १० गुंठे ठरवला.

तरीही चौरस फुटाच्या भावाने वावराचे तुकडे विकले जातात. खरेदीखत होत नसेल तर नोटरीचा कागद होतो, एकाच सातबाऱ्यावर अनोळखी लोकांची सामाईक नावं चढतात आणि एन. ए. पुढच्या वर्षी होईल असं तोंडी सांगितलं जातं. सातबारा ही महसुलाची नोंद आहे, त्यावर नाव चढलं म्हणून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. जुने फेरफार, दुय्यम निबंधकाकडचा शोध आणि सरकारी मोजणी एवढं झाल्याशिवाय पैसे हातचे सोडू नयेत. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, भूदानाची, देवस्थान इनामाची किंवा वक्फची तर नाही ना, हेही पाहावं लागतं. अचलपुरात ते जास्तच पाहावं लागतं. १४९० पासून १५७४ पर्यंत ही वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होती आणि पुढे नवाबांचं ठाणं. अशा ठिकाणी इनामांचा इतिहास लांबलचक असतो.

घाट चढून वर गेलं की हा व्यवहार आणखी वाईट वळण घेऊ शकतो. चिखलदरा आणि धारणी हे मेळघाटातले तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून १९७४ मध्ये महाराष्ट्राने कायदा कडक केला आणि गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदाही केला. त्याच वर्षी मेळघाटात व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. जंगलावरचे निर्बंध वाढत गेले, गाभ्यातल्या अनेक गावांना उठून खाली यावं लागलं. कोरकू कुटुंबाच्या हाती जे वावर उरलं आहे, ते शहरातल्या माणसाच्या सुट्टीसाठी नाही. कुणा आदिवासीच्या नावावर जमीन घेऊन मागे पैसा आपला लावण्याची युक्ती कुणी सुचवली, तर तिथूनच उठून यावं. ती फसवणूक आहे, आणि तिची किंमत ज्याचं नाव कागदावर असतं तोच मोजतो.

समजा, सगळे कागद चोख निघाले. तरी वावरातलं घर सुखाने राहू देत नाही. काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. पाया मुरूम लागेपर्यंत खाली नेला नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंती तडकतात. जुन्या लोकांनी काळी पेरायला ठेवली आणि घरं उंचावरच्या पांढरीत बांधली, त्यामागे हा पिढ्यांचा अनुभव आहे. पाण्याचं तर विचारूच नये. खाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथे विहिरीचं पाणी पिण्याच्या कामाचं नाही. वर संत्र्याच्या पट्ट्यात पाणी गोड, पण बोअरवेल दरवर्षी खोल चालल्या आहेत. वरुडकडे भूजलाचा उपसा अतिशोषणाच्या वर्गात जाऊन बसला आहे. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर राज्याच्या भूजल कायद्याने बंधनं घातली. अशा मुलखात हौसेच्या हिरवळीसाठी खणलेली नवी बोअर शेजाऱ्याच्या बागेचा आंबिया बहार सुकवू शकते.

रस्ताही असाच. खरेदीच्या दिवशी धुऱ्यावरून गाडी आत जाते. पहिलं भांडण झालं की धुऱ्यावर काटे पडतात. मग १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे वहिवाटीचा अर्ज आणि तारखा. घेणारा शनिवार-रविवारचा पाहुणा, शेजारी बारमाही तिथे राबणारा. या वादात पाहुणा जिंकला तरी गाव हरवून बसतो.

आणि दुसरीकडे अचलपुरात परकोटाच्या आतल्या गल्ल्यांत, पथ्रोट, आसेगावसारख्या गावांत, धाब्याची घरं एकेक करून बसत चालली आहेत. मेळघाटच्या सागाच्या तुळया, हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, मधे चौक, वर पांढऱ्या मातीचं धाबं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हाही यांच्या माजघरात दुपारी झोप लागते. हे घर दरवर्षी पावसाआधी हात मागतं, धाब्यावर नवी माती पडावी लागते. ते काम जाणणारी माणसं अजून आहेत, त्यांना काम मिळत नाही. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली, मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे थांबली, आणि रोजगारामागे गेलेल्या कुटुंबांच्या दारांना कुलपं लागली. निवृत्तीचे पैसे घेऊन येणाऱ्याने यातलं एक दार उघडलं, तर गवंड्याला, सुताराला, किराणा दुकानाला आणि शाळेलाही त्याचा उपयोग आहे. त्याला स्वतःला नळ, वीज, दवाखाना आणि रात्री हाक मारली तर ओ देणारा शेजारी मिळतो. फिरायला शिवार आहेच. पहाटे कुणाच्याही धुऱ्यावरून चालायला गाव कधी ना म्हणत नाही.

जुन्या घराचा व्यवहार सोपा नाही, हेही सांगायला हवं. शहरात जागा नझूलची असते, तिथे भाडेपट्ट्याच्या अटी आधी वाचाव्या लागतात. गावठाणात आजवर मिळकतीचा कागदच नसे. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या, हा मोठा बदल आहे. सर्वात अवघड गाठ वारसांची. आजोबांच्या नावावरचं घर, नातवंडं पाच शहरांत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तो वाटा त्यांना मिळायलाच हवा. भावाने परस्पर घर विकलं आणि वर्षभराने बहिणीचा दावा आला, तर घेणाऱ्याची पुंजी न्यायालयात अडकते.

इथे सरकारला करण्यासारखं पुष्कळ आहे. ग्रामपंचायत आणि नगर परिषदेने बंद घरांची यादी करावी, भूमी अभिलेख कार्यालयाने वर्षातून एकदा दिवाळीच्या सुट्टीत, सगळे भाऊ-बहीण गावी असताना, वारस नोंदी आणि हक्कसोडपत्रांचं शिबिर लावावं, दुय्यम निबंधकांनी त्याच मांडवात टेबल टाकावं. वावराचे चौरस फुटावर तुकडे पाडणाऱ्यांवर मात्र तहसीलदारांनी पहिला पाया खणला जातानाच कारवाई करावी. लोक राहायला आल्यावर तिथे जेसीबी पाठवणं हा त्या म्हाताऱ्या माणसांवरचा अन्याय ठरतो, आणि तोवर प्लॉट विकणारा पुढच्या गावात पोहोचलेला असतो.