एक्सप्लेनर : लेक परदेशी निघालीय, पैसे बॅगेतून न्यायचे की बँकेतून?

लोणी काळभोर : फेब्रुवारी 2025 मधली गोष्ट. दुबईहून पुणे विमानतळावर आलेल्या तीन विद्यार्थ्यांच्या ट्रॉली बॅगा सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी उघडल्या. आत वह्या होत्या आणि वह्यांच्या पानांमध्ये डॉलर. सुमारे 4 लाख डॉलर, म्हणजे जवळपास साडेतीन कोटी रुपये. बॅगा पुण्यातल्या एका ट्रॅव्हल एजंटकडून आल्या होत्या आणि आत काय आहे याची कल्पना नव्हती, असे विद्यार्थ्यांनी तपासात सांगितले.

एवढी मोठी रक्कम कोणी सामान्य कुटुंब नेत नाही. पण 'ओळखीचा एजंट आहे, तो बघेल' हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. लोणी काळभोरमध्ये राजबागेत एमआयटी-एडीटी विद्यापीठ आहे. पदवी झाली की पुढचे शिक्षण जर्मनी, कॅनडा किंवा अमेरिकेत, हा विचार आता गावच्या घरांतही नवा राहिलेला नाही. त्यासाठी कुणी कर्ज काढते, कुणी ठेवी मोडते, कुणी दोन गुंठे विकते. म्हणून हे पैसे कोणत्या वाटेने जातात, हा मुद्दा प्रवेशाइतकाच महत्त्वाचा आहे.

खिशात किती?

बहुतेक देशांसाठी एका प्रवासात 3,000 डॉलरपर्यंतच परकीय चलनी नोटा नेता येतात. भारतीय रुपये 25,000 पर्यंत. नोटा अधिकृत बँकेतून किंवा परवानाधारक मनी चेंजरकडूनच घ्यायच्या आणि पावती जवळ ठेवायची. चलन घेताना 50,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने भरता येत नाही. त्यावरचे पैसे खात्यातूनच द्यावे लागतात. जो दुकानदार 'रोखच द्या, पावती नको' म्हणतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

अमेरिकेत 10,000 डॉलरपेक्षा जास्त आणि युरोपीय संघात 10,000 युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल, तर उतरताना ती जाहीर करावी लागते. जाहीर केल्याबद्दल दंड नसतो, लपवल्याबद्दल असतो.

प्रत्यक्षात पहिल्या काही दिवसांपुरती रोख पुरते. बाकी फॉरेक्स कार्डावर ठेवावी. कार्ड हरवले तर ब्लॉक करता येते. विमानतळावर हरवलेले पाकीट बहुधा परत मिळत नाही.

फी आणि राहण्याचा खर्च

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली प्रत्येक निवासी भारतीय एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकतो. योजना 2004 मध्ये सुरू झाली तेव्हा ही मर्यादा 25,000 डॉलर होती. पॅन, ए2 फॉर्म, प्रवेशाचे पत्र आणि फीचे पत्रक एवढ्यावर काम होते. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात जावी, एजंटच्या खात्यात नाही.

जर्मनीसाठी तर राहण्याचा खर्च आधीच 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये ठेवावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992 युरो आहे. पैसे मुलाच्या आधी पोहोचतात आणि दरमहा हातात येतात.

टीसीएसची भीती कशाला?

एजंटकडे वळण्याचे एक कारण म्हणजे टीसीएस. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी नियम असे होते : शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून 10 लाखांपर्यंत काही नाही, त्यावर 5 टक्के. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर टीसीएस नाहीच. म्हणजे वडिलांनी 22 लाख पाठवले, तर वरच्या 12 लाखांवर 60,000 रुपये कापले जात. दर अर्थसंकल्पानुसार बदलतात, त्यामुळे पाठवताना चालू दर बँकेत विचारावा.

पैसे पाठवण्याचे कारणही नीट लिहावे. शिक्षणाऐवजी 'भेट' असे नोंदले गेले, तर त्याच वर्षी 10 लाखांवरच्या रकमेला 20 टक्के लागत होते.

मुख्य म्हणजे हे पैसे बुडत नाहीत. ते फॉर्म 26एएसमध्ये पॅनवर दिसतात आणि विवरणपत्र भरले की करात वळते होतात किंवा परत मिळतात. शेतकरी कुटुंबांचे मात्र इथेच अडते. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून वडिलांनी आयुष्यात विवरणपत्र भरलेले नसते. मग कापलेले पैसे सरकारकडे तसेच पडून राहतात आणि 'सरकारने 60,000 खाल्ले' अशी चर्चा पारावर होते.

खरी गाठ रोखीची

दुसरे कारण कुणी उघड बोलत नाही. जमीन विकताना व्यवहाराचा काही भाग रोखीत घेतला जातो. 2015 पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा जास्त रोख घेण्यास मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. ही रोख बँकेतून बाहेर जाऊ शकत नाही. मग 'इथे रुपये द्या, तिथे डॉलर घ्या' म्हणणारा भेटतो. हा हवाला आहे आणि फेमा कायद्याने तो बेकायदा आहे. पैसे पोहोचले नाहीत तर तक्रार करायची सोय नाही. पोहोचले, तरी ते पैसे कुणाचे होते हे मुलीला माहीत नसते. चौकशी मात्र तिची होऊ शकते. म्हणून मुलीला बाहेर पाठवायचे ठरले असेल, तर जमिनीचा पूर्ण मोबदला खात्यावरच घ्यावा.

तिकडे गेल्यावर

'तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, पुढे पाठव, कमिशन तुला' असा निरोप आला तर सरळ नाही म्हणावे. खाते गोठले की शिक्षण आणि व्हिसा दोन्ही धोक्यात येतात. शिक्षणासाठी बाहेर गेलेला विद्यार्थी फेमानुसार अनिवासी धरला जातो, त्यामुळे इथले बचत खाते एनआरओमध्ये बदलून घ्यावे. फसवणूक झाल्यास घरच्यांनी लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

दोष फक्त कुटुंबांचा नाही. शाखेत गेल्यावर इंग्रजी फॉर्म पुढे सरकवला जातो आणि 'हे हेड ऑफिसला विचारावे लागेल' असे उत्तर मिळते. एजंट मात्र मराठीत बोलतो, चहा पाजतो, घरी येतो. बँकांनी ही सगळी माहिती मराठीत एका पानावर छापून काउंटरवर ठेवली आणि एका कर्मचाऱ्याला ती समजावण्याचे काम दिले, तर एजंटची निम्मी गिऱ्हाइके कमी होतील. तोवर घरातल्या एखाद्या शिकलेल्या पोराने वडिलांचे विवरणपत्र भरून द्यावे आणि तिकीट काढण्याआधी एकदा त्यांच्यासोबत बँकेत जाऊन यावे.