धक्का-स्टार्ट किती दिवस?

घरची गाडी सकाळी चालू होत नाही. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक टक’. मग वॉचमनकाका आणि शेजारचे दोघं मिळून धक्का मारतात आणि त्यातला एक जण ठामपणे निकाल देतो, ‘बॅटरी गेली!’ संध्याकाळपर्यंत चार-पाच हजार मोजून नवी बॅटरी बसते. महिनाभराने पुन्हा तेच ‘टक टक’ सुरू झालं, की मग ‘हल्ली मालच बोगस येतो’ म्हणून आपण मोकळे!

माझं म्हणणं सरळ आहे. मोजल्याशिवाय बॅटरी बदलणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बऱ्याचदा बॅटरी गुन्हेगार नसते, बळी असते.

संशयित तीनच. एक, बॅटरी म्हातारी झाली आणि चार्ज धरत नाही. दोन, अल्टरनेटर तिला नीट चार्ज करत नाही. तीन, गाडी बंद असताना कुणीतरी गुपचूप करंट खातंय. यातला कोण, हे काही शे रुपयांचा मल्टिमीटर सांगतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला हाताळलाय ना? तोच.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी, चालू करण्याआधी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता इंजिन चालू करून मोजा. साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. आकडा १२ च्या घरातच रेंगाळला, तर आधी अल्टरनेटर, त्याचा बेल्ट आणि टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी पावडर बघा. नवी बॅटरी आणली तरी तीही उपाशीच राहणार.

दोन्ही आकडे ठीक, बॅटरीही नवीन, तरी दोन दिवसांत डाऊन? मग तिसरा संशयित. घड्याळ, अलार्म, लॉक यांच्यासाठी बंद गाडीही थोडा करंट घेतेच. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. पण डिकीचा दिवा विझत नसेल, किंवा बाहेरून बसवलेला स्टिरिओ वा डॅशकॅम थेट बॅटरीला जोडला असेल, तर हिशोब बिघडतो. समजा, अर्धा अँपिअर गळतोय. शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी काढली, म्हणजे ६० तास, म्हणजे ३० अँपिअर-अवर. बॅटरी ४५ ची असेल तर दोन तृतीयांश साफ!

हा चोर पकडायला निगेटिव्ह केबल काढून मीटर सिरीजमध्ये, १० अँपिअरच्या रेंजवर लावायचा. गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स झोपायला अर्धा तास तरी द्यायचा. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येईल, चोर त्याच लाइनवर. मात्र मीटर असा लावलेला असताना किल्ली फिरवायची नाही. स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर लागतात, मीटरचा फ्यूज तिथेच उडेल. आणि हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या हाय-व्होल्टेज भागाला हात लावायचा नाही, ते काम सर्व्हिस सेंटरचंच.

‘हे मेकॅनिकचं काम, आपण कशाला डोकं घालायचं?’ असं कुणी म्हणेल. दुरुस्ती त्यानेच करावी की! पण ‘सकाळी ११.९, चालू असताना १४.२’ असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाशी तो वेगळ्या भाषेत बोलतो. वॉरंटी मागतानाही हेच आकडे कामाला येतात.

शिवाय प्रश्न फक्त पैशांचा नाही. बॅटरीत शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड असतं. ती उघड्यावर फोडून शिसं वितळवणाऱ्यांच्या आणि आसपासच्या पोरांच्या अंगात ते विष जातं. म्हणून खरंच संपलेली बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे परत करायची. आणि न संपलेली तर फेकायचीच नाही.

आपण व्होल्ट, अँपिअर, सिरीज, पॅरलल मार्कांसाठी पाठ केलं आणि पेपर संपला तसं सोडून दिलं. ते सगळं पार्किंगमध्ये, बॉनेटखाली पडलंय. पुढच्या वेळी कुणी ‘बॅटरी गेली’ म्हणालं, तर एवढंच विचारा : ‘किती व्होल्ट आहे?’