अर्ज भरणे म्हणजे गृहनिर्माण नव्हे

भंडारा जिल्ह्यात घराचा प्रश्न निघाला की आपले कार्यकर्ते घरकुलाचे अर्ज भरून देतात, पंचायत समितीत हेलपाटे घालतात आणि यादीत नाव लागले की कृतार्थ होतात. ही लोकसेवा खरी. परंतु तिला समाजवादी राजकारण म्हणता येणार नाही.

घर गरिबाच्या आवाक्याबाहेर जाते ते मुख्यतः जागेची किंमत, कर्जाचे व्याज आणि ठेकेदाराचा नफा यांमुळे. एकट्यादुकट्या कुटुंबाला दिलेले अनुदान या तीन वाटांनी झिरपून जाते. ज्याला वीतभर जागा नाही, त्याने प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेचे १,२०,००० रुपये घेऊन भिंत कोठे उभारावी?

विडी वळणाऱ्या स्त्रीची स्थिती तर अधिकच विदारक आहे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कारखान्याच्या जागेवर बंधने घातली, तेव्हा कारखानदारांनी काम घरोघर वाटले. तिचे घर हाच कारखाना झाला, आणि त्याचे भाडे मात्र तीच भरते. तिच्यासाठी १९७६ साली विड्यांवरील उपकरातून कल्याण निधी उभारण्यात आला. २०१७ साली तो उपकरही रद्द झाला.

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी निराळा मार्ग धरला. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली सहकारी संस्था स्थापून त्यांनी कुंभारी येथे १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत मिळविली. घरामागे केंद्र, राज्य आणि कामगार यांचा वाटा प्रत्येकी २०,००० रुपये होता. २००६ साली तिचे लोकार्पण झाले. तेथेच असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचे रे नगर आखले गेले. त्यांपैकी १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये सुपूर्द झाली.

आडम कम्युनिस्ट आहेत, म्हणून आपण या कामाकडे पाठ फिरवावी काय? सोलापूरएवढी संख्या येथे नाही, हा आक्षेपही लंगडा आहे. तुमसर वा पवनीत दोनशे कुटुंबे एकत्र आली तरी जागा घाऊक दराने घेता येईल, बांधकामावर संस्थेचीच देखरेख राहील. विड्या वळण्याची शेड, पाळणाघर आणि पाणी सामाईक असेल. जमिनीची मालकी मात्र संस्थेकडेच राहिली पाहिजे. नाहीतर पहिल्याच आजारपणात घर सावकाराकडे जाईल.

तेव्हा तालुका शाखांनी प्रथम भूमिहीन विडी मजुरांची संस्था नोंदवावी, तिच्यासाठी शासकीय जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मागावी आणि त्या मागणीसाठी जिल्हाधिकारी कचेरीसमोर बसावे. अर्ज त्यानंतर भरता येतील.