परिविक्षाधीन म्हणजे उपरा नव्हे

अंतर्गत भरतीच्या परिपत्रकात 'फक्त कायम कर्मचाऱ्यांनीच अर्ज करावा' अशी एक ओळ असते. आपली पोरं तिथेच गळतात. परिवीक्षा कालावधी बहुधा दोन वर्षांचा. पण तो संपला म्हणून कायम केल्याचा आदेश आपोआप निघत नाही. गोपनीय अहवाल साहेबाने लिहायचा, फाईल आस्थापना शाखेने हलवायची, त्यात जात वैधता प्रमाणपत्र समितीकडे अडकलेले. उशीर त्यांचा, अपात्र आम्ही!

कलम १६(१) ची समान संधी नेमणुकीपाशी थांबत नाही, पदोन्नतीही त्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने रंगाचारी खटल्यातच सांगितले. परिविक्षाधीनालाही शिक्षा म्हणून काढायचे तर कलम ३११ आड येते, हे १९५७ च्या धिंग्रा निकालापासूनचे. म्हणजे शिस्तीच्या वेळी तो सरकारी नोकर, संधीच्या वेळी मात्र पाहुणा?

वरचे पद आयते द्या असे आम्ही म्हणत नाही. परीक्षेला बसू द्या, निवड झाली तर नेमणूक कायम आदेशानंतर द्या. मित्रांनो, माहिती अधिकारात दोनच तारखा मागा : परिवीक्षा कधी संपली आणि फाईल पुढे कधी गेली. निवेदन त्या कागदांसकटच द्यायचे.